उघड्यावर

शिरस्तेदार आरोप वाचत होता आणि माझी उजवी नाकपुडी एकाएकी खाजायला लागली. एवढंच झालं. चोपन्न सालचा उन्हाळा, धुळ्याचं फौजदारी कोर्ट, वर पंखा आहे पण फिरत नाही, पट्टेवाला दाराशी पेंगतोय आणि मी आरोपीचा वकील म्हणून काळ्या कोटात घामानं भिजत उभा. असे आरोप मी कित्येक वर्षं ऐकत आलो होतो. कापूस चोरला, विळा मारला, बांध कोरला. ऐकता ऐकता घरी जेवायला काय असेल याचा विचार मी करत असतो. सगळेच वकील करतात, कबूल कुणी करत नाही. शिरस्तेदाराचा आवाज नाकातला. तो म्हणाला, ‘आरोपी भिकुबाई कोम छगन, हिने आपले नवजात मूल, त्याचा पूर्णपणे त्याग करण्याच्या इराद्याने, गावच्या उकिरड्यावर उघड्यावर टाकले.’ कोम म्हणजे बायको. कोर्टाच्या बाहेर हा शब्द कुणी वापरत नाही. आणि मला राखेचा वास आला. चुलीतल्या नव्हे, ओल्या, शेणात कालवलेल्या, कोंबड्यांनी उकरलेल्या राखेचा. पाठीला गार लागलं. बाहेर लोक उन्हानं करपत होते आणि माझ्या पाठीला, कोटाच्या आत, पहाटेचं गार लागलं.

नाकपुडीचं सांगतो. तिथं एक भोक आहे. आता बुजलंय, दाढी करताना आरशाशी नाक नेलं तरच टिकलीएवढा खड्डा दिसतो. लहानपणी मला नथ होती. आमच्या खानदेशात ज्या बाईची पोरं जगत नाहीत तिला मुलगा झाला की त्याचं नाक टोचतात, त्याला पोरीचा झगा घालतात, आणि त्याआधी, जन्मल्या जन्मल्या, त्याला उकिरड्यावर नेऊन टाकतात. आईनंच टाकायचं. टाकताना मोठ्यानं म्हणायचं, की हे मला नको, टाकून दिलं. कुणाला ऐकवायचं, तर सटवाईला. तीच पोरं नेते. आईला जे हवं तेच ती नेते, नको असलेल्याला हात लावत नाही, असा तिचा स्वभाव. मग दुसऱ्या घरची बाई वाट चुकल्यासारखी तिकडून जाते, कुणाचं गं हे, असं विचारते, कुणी उत्तर देत नाही, ती उचलते, आणि आईच्या दारात सुपभर कोंडा टाकून पोर विकत घेते. तिथून पुढे पोर तिचं. राहतं आईकडेच, पण तिचं. अशी पोरं गावोगाव आहेत. नथ्थू, कोंडू, उखर्डू म्हणून हाक मारा, दोन-चार माना वळतील. माझ्या पाटीवर ‘यू. टी. पाटील, वकील’ असं लिहिलंय. टी म्हणजे तोताराम, माझा बाप. यू म्हणजे काय, हे धुळ्यातल्या वकीलमंडळींनी मला विचारलं तेव्हा मी उत्तम म्हणून सांगितलं होतं. यू म्हणजे उखर्डू.

मॅजिस्ट्रेटसाहेब रत्नागिरीकडचे, नव्यानं बदलून आलेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी भिकुबाईला नीट, सावकाश विचारलं, ‘बाई, हा आरोप तुम्हाला कबूल आहे का?’ पिंजऱ्यात ती उभी होती, डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढून. अंगावर अजून बाळंतपणाची सूज. ती म्हणाली, ‘हा. टाकं. माले नको व्हतं.’ आवाज खणखणीत. इतक्या खणखणीत आवाजात कुणी गुन्हा कबूल करत नाही. साहेबांनी लेखणी उचलली. कबुली लिहिली की शिक्षा, आणि शिक्षा झाली की पोर कायमचं अनाथालयात. तिचा नवरा छगन दाराशी उकिडवा बसला होता, त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी उठलो. म्हटलं, साहेब, टाकल्याची कबुली आहे, इराद्याची नाही, दोन्ही वेगळं आहे, मला तारीख द्या. साहेब म्हणाले, ‘नको होतं असं ती म्हणतेय, वकीलसाहेब. याहून इरादा तो काय असतो?’ पण दिली तारीख. भला माणूस.

झालं होतं ते असं. नरडाण्याकडचं गाव. भिकुबाईची आधीची तिन्ही पोरं पाचवीच्या, म्हणजे सटवाई येते त्या रात्रीच्या, आसपास गेलेली. हा चौथा. पहाटे तिनं त्याला उकिरड्यावर ठेवलं, मोठ्यानं म्हणायचं ते म्हटलं, आणि घरात जाऊन दार लावून बसली. छगनची बहीण शेजारच्या गावाहून कोंडा घेऊन निघायची होती, ती निघालीही होती. पण तिच्याआधी नव्यानं नेमणूक झालेला, बाहेरगावचा पोलीस तिथं पोचला. त्याला नवजात पोर उकिरड्यावर दिसलं. त्यानं उचललं, हाका मारल्या, लोक जमले. त्यानं विचारलं, कुणाचं हे? आणि रीतीप्रमाणे कुणीही उत्तर दिलं नाही. अख्खं गाव गप्प उभं राहिलं. मला ते डोळ्यासमोर दिसतं. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे रीत पाळतायत, आणि तो बिचारा पोर छातीशी धरून गोल फिरतोय. दुरून खाकी पाहून छगनची बहीण कोंडा नाल्यात ओतून पळाली, आणि मी त्यातली नव्हेच म्हणून हात वर करून मोकळी झाली. पोर इथं धुळ्याच्या दवाखान्यात, वरच्या दुधावर. पोलिसाचं तरी काय चुकलं? मी त्याच्या जागी असतो तर मीही उचललं असतं.

कोर्टाच्या आवारात निंबाखाली मी भिकुबाईशी बोललो. म्हटलं, ‘बाई, मला ठाऊक आहे. खरं काय ते साहेबांना सांग. पोर परत घेणार होते, एवढं एकच वाक्य. सुटशील, पोर मिळेल.’ ती निंबाच्या बुंध्याकडे बघत राहिली. छगन म्हणाला, ‘सांग ना वं. वकीलदादा आपला माणूस शे.’ तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला. मग अगदी हळू, ओठ न हलवता मला म्हणाली, ‘आयकस ती.’ मी म्हटलं, साहेबांना सांगून दार बंद करून घेऊ, आत फक्त ते आणि आपण. ती म्हणाली, ‘दारनी तिले काय अडचन?’ आणि लगेच मोठ्यानं, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं, ‘माले नको व्हतं ते पोर. टाकी दिधं मी.’ पिंपाशी पाणी पिणारे दोघे-तिघे वळून बघायला लागले. एकानं थू केलं. तिनं ते ऐकलं, आणि खरं सांगतो, तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. लोकांना पटतंय म्हणजे तिलाही पटेल, जिला पटायला हवं तिला. तिला तुरुंग चालणार होता. पोर अनाथालयात गेलं तरी चालणार होतं. ते कुठंतरी जिवंत असणं, एवढंच तिला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी ती जन्मभर त्याला नको म्हणायला तयार होती.

घरी येऊन मी कलम काढून वाचलं. पुण्याला पाठ केलं होतं तेव्हा घटाघटा म्हणायचो. इंग्रजीत शब्द आहे एक्स्पोज. आपले शिरस्तेदार त्याचं उघड्यावर टाकणे करतात, आणि ते बरोबरच आहे. कायद्याला उघड्याचं भय वाटतं ते ऊन, थंडी, कुत्री यांचं. वरती छप्पर नाही, भोवती भिंत नाही, म्हणजे धोका. भिकुबाईचा हिशेब उलटा. तिला घरातच धोका, पाळण्यातच धोका. जिथं आईची नजर लागलेली ती प्रत्येक जागा उघडी. उकिरडा तेवढा झाकलेला, कारण तिथं पोर कुणाचंच नाही. आणि कायदा तर सगळा उघड्यावरच चालतो. उघड कोर्ट, उघडकीस आलेला गुन्हा, उघड उघड कबुली. जे आत आहे ते बाहेर आणून सगळ्यांपुढं मांडायचं, मगच ते खरं. जे एका माणसानंही मोठ्यानं म्हटलं की खोटं होतं, अशा गोष्टीचं कायदा काय करणार? मी दिवा मोठा करून ते कलम पुन्हा वाचलं आणि माझ्या मागं कुणीतरी उभं आहे असं वाटून वळून पाहिलं. कोणी नव्हतं. ही सवय मला लहानपणापासून आहे. बायको म्हणते, तुम्ही खाजगी काही बोलायचं झालं की आधी छताकडे बघता.

आमच्या घरात सगळ्यांनाच ती सवय होती. घर चोपड्याच्या अलीकडे, तापीकाठी. मागं केळीची बाग, पुढं कापसाचं रान, आणि समोरच्या दारात धुरपदाबाई. ती विधवा, मूलबाळ नसलेली, कोंडा टाकून मला विकत घेणारी. मी तिला माय म्हणायचो. जिनं मला जन्म दिला तिला, सुगंधाबाईला, मी अक्का म्हणायचो. तसंच शिकवलं होतं. अक्का मला जेवायला वाढायची, न्हाऊ घालायची, अंगावर झोपवायची, आणि गल्लीतून कुणी विचारलं, काय म्हणतो गं पोरगा, की म्हणायची, ‘धुरपदाना शे. मी दाई.’ मला ताप आला की ती उशाशी बसे आणि दाराकडे तोंड करून ओरडून म्हणे, ‘मरना तं मरू दे, कोना शे तो मना?’ असं म्हणताना तिचा हात माझ्या कपाळावर असे. सहासात वर्षांचा असताना मला दोन्हीतलं काय खरं धरावं ते कळायचं नाही. जळगावच्या शाळेत बोर्डिंगला गेलो तेव्हा कळायला लागलं, आणि मग त्याहून वाईट झालं, कारण कळल्यावर एक दिवस तरी ती खरं सांगेल अशी आशा लागली. मॅट्रिक झालो, नाही सांगितलं. सनद घेऊन आलो, कोट घालून दाखवला, ती शेजारणीला म्हणाली, धुरपदानं नशीब काढलं. धुरपदाबाई वारली तेव्हा मला वाटलं, आता तरी. आता पोर कुणाचं म्हणणार? पण अक्का म्हणाली, ‘तुनी माय गयी रे,’ आणि माझ्या गळ्यात पडून रडली. रडली खरीखुरी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा, आणि माझ्या मनात एकच गोष्ट, की ही माझी आई आहे आणि आई गेली म्हणून माझं सांत्वन करतेय. माझी पोरं झाली, त्यांनाही ती धुरपदाची नातवंडं म्हणायची.

तर मला साक्षीदार हवा होता. अशी रीत आहे आणि तिच्यात टाकणं म्हणजे टाकणं नसतं, हे शपथेवर सांगणारा. मी स्वतः सांगू शकत नव्हतो. एक तर वकील, आणि दुसरं म्हणजे माझ्यावर जे घडलं त्याचा मी साक्षीदार नव्हतो, तेव्हा माझे डोळेही उघडले नसतील. कायद्याला प्रत्यक्ष करणारी हवी. आता धुळ्यात म्हाताऱ्यांचा काय दुष्काळ होता? शोधली असती तर मिळाली असती एखादी. पण मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं अमळनेर गाठलं आणि तिथून चोपड्याची मोटार धरली. वाटभर मी स्वतःला समजावत होतो की हे भिकुबाईसाठी आहे. होतंही. पण पिंजऱ्यात शपथ घातलेली अक्का, आणि मी विचारतोय आणि तिला खरं सांगावंच लागतंय, हे चित्र मोटार खड्ड्यात आपटली तरी डोळ्यासमोरून हलत नव्हतं.

अक्का ओट्यावर कापूस वेचत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, सरकी वेगळी, कापूस वेगळा. शेवटी म्हणाली, ‘पोर जितं शे ना?’ मी म्हटलं, आहे. ‘कितला दिन झायात?’ सांगितले. ती म्हणाली, ‘मंग चालस. अजून वेळ गयी नही.’ कसली वेळ, ते मला कळलं नाही. मी म्हटलं, ‘अक्का, तुला शपथेवर सांगावं लागेल.’ ती म्हणाली, ‘इचारशी ते सांगसू. मी काय खोटं बोलस का कधी?’ माझ्या चुलतभावाचा मुलगा गिरधर आत भाकरी खात होता, त्याला ठसका लागला. दुसऱ्या दिवशी ती निघाली, स्वच्छ लुगडं नेसून, पदराला एक मोठी गाठ बांधून. मोटारीत ती गाठ माझ्या मांडीला लागत होती. मला वाटलं, पीठ असेल. धुळ्याचं पीठ तिला आवडत नसे. अमळनेरला उतरताना गर्दीत तिनं माझ्या कोटाचं टोक धरलं. लहानपणी यात्रेत मी तिचा पदर धरायचो तसं. मी मागं वळून पाहिलं तर तिनं सोडून दिलं.

तारखेला कोर्ट भरलेलं. टाकलेल्या पोराची केस म्हणून बघे जमले होते. भिकुबाई पिंजऱ्यात, तशीच, पदर हनुवटीपर्यंत. पोलिसाची साक्ष झाली, खरी आणि साधी. मग मी अक्काला पुकारलं. तिनं शपथ घेतली. मी विचारलं, ‘नाव?’ ‘सुगंधाबाई.’ ‘मला ओळखता?’ ‘हा. धुरपदाबाईना पोर शे.’ ‘जन्म कुणी दिला?’ ती जराही न अडखळता म्हणाली, ‘मी.’ ‘मग?’ ‘मंग टाकी दिधा, उकर्डावर.’ बघ्यांत कुजबुज झाली. यू म्हणजे काय ते त्या दिवशी सगळ्या धुळ्याला कळलं. बाररूममधले दोघे दारात येऊन उभे होते आणि माझ्या पाठीला पुन्हा ते गार लागलं, जणू कोट, सदरा, सगळं काढून कुणी मला तिथं मांडलंय. ठीक आहे म्हटलं. त्यासाठीच आलो होतो. आता रीत कशी असते, कोंडा कशाचा, हे विचारायचं ठरलं होतं. मी कागदावर क्रमानं लिहूनही आणलं होतं. पण मी कागद बघितलाच नाही. मी विचारलं, ‘सुगंधाबाई, तो मुलगा तुम्हाला खरोखर नको होता का?’

उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न आपल्याच साक्षीदाराला विचारू नये, हे नव्या पोरालाही शिकवतात. अक्कानं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं वर पाहिलं, छताच्या कडीपाटाकडे, जिथं चिमण्या बसतात. आणि म्हणाली, ‘नको व्हता.’ मी खाली बसलो. शपथेवर, उघड कोर्टात, माझ्या आईनं सांगितलं की मी तिला नको होतो. आणि पिंजऱ्यातून भिकुबाई पहिल्यांदा पदर बाजूला करून तिच्याकडे बघत होती, एखादी पोर मोठ्या बहिणीकडे बघते तशी.

पुढचं साहेबांनी विचारलं. मी तर संपलोच होतो. त्यांनी लेखणी ठेवली आणि म्हणाले, ‘आजी, टाकलेल्या मुलाला मग दूध कुणी पाजलं?’ अक्का म्हणाली, ‘मी.’ ‘का बरं?’ ‘धुरपदानी माले कामले लायेल व्हतं. पोर तिनं, दूध मनं. मूठभर बाजरी देये ती.’ ‘ताप आला तर कोण जागायचं?’ ‘मीच जागू. धुरपदाले झोप आवरे नही.’ कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. ‘शाळेत कुणी घातलं?’ ‘आम्ही. धुरपदाना घर कमावनारा कोन व्हता?’ ‘आणि शेतीत वाटा?’ ‘त्याले दिधा ना. धुरपदानी सेवा करी त्यानी.’ साहेब पुढं झुकले. मग अगदी हळू म्हणाले, ‘पण मुलगा तुमचा नाही?’ ‘नही साहेब,’ अक्का म्हणाली. ‘लिखी ल्या.’ साहेबांनी लिहिलं. काय लिहिलं ते मी नंतर निकालात वाचलं. इरादा हा तोंडानं सांगितलेल्या शब्दांवरून नव्हे, तर वागण्यावरून ओळखावा लागतो. या भागातल्या बायका पोर टाकल्याचं म्हणतात ते त्याला ठेवण्यासाठी. आरोपीनं ते म्हटलं, पण इराद्यानं टाकलं नाही. भिकुबाई सुटली.

दवाखान्यातली आया पोर घेऊन व्हरांड्यात आली. बारीक, पिवळं, पण हातपाय हलवत होतं. तिनं ते भिकुबाईपुढं धरलं. भिकुबाईनं तोंड फिरवलं. हात पुढं केलाच नाही. आया म्हणाली, घे ना बाई, तुझंच आहे. भिकुबाई भिंतीला चिकटून उभी होती, दूध आलेलं, चोळी भिजलेली, आणि हात दोन्ही पाठीमागं. दारात साहेब येऊन उभे राहिले होते. त्यांच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली. पोर सरकारी हातांतून घेतलं तर तिचं होत होतं, आणि तिचं झालं तर गेलं. मला हे सगळं कळत होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं. तेवढ्यात अक्का माझ्या बाजूनं पुढं झाली. वाट चुकल्यासारखी इकडंतिकडं बघत. म्हणाली, ‘कोनं वं हाई?’ कुणी उत्तर दिलं नाही. छगन गप्प, आया गप्प, मी गप्प. अक्कानं पदराची गाठ सोडली. पीठ नव्हतं, कोंडा होता. घरच्या ज्वारीचा, पाखडलेला. तिनं तो भिकुबाईच्या पायांशी ओतला, पोर उचललं, छातीशी धरलं आणि व्हरांडाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘हाई पोर मनं शे. मनं शे हाई. आयका बठ्ठा.’ मग ते भिकुबाईच्या हातांत देऊन, ‘दूध तू पाज. बाजरी मी धाडसू.’ भिकुबाई आमच्याकडे पाठ करून खांबाआड बसली आणि थोड्या वेळानं चुटचुट आवाज यायला लागला. साहेब आत गेले. छगन अक्काच्या पायांवर डोकं ठेवून रडत होता. मी खांबाला टेकून उभा होतो. ‘हाई पोर मनं शे.’ माझं आहे, हे जन्मभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य मी ऐकलं होतं. नीट, तिच्याच आवाजात, चारचौघांत. ते दुसऱ्याच पोराला मिळालं.

संध्याकाळी तिला एस.टी.त बसवताना मी विचारलंच. म्हटलं, अक्का, आता इथं कोण ऐकतंय? एकदा सांग. शपथेवर बोललीस ते खरं की कसं? ती खिडकीच्या गजांना धरून होती. म्हणाली, ‘नाक काब्र खाजाडस? जखम होई जाई.’ आणि गाडी सुटली. मी त्या प्रश्नापाशी पुढची पाच वर्षं उभा राहिलो. साहेबांनी तिचं वागणं बघून निकाल दिला, पण साहेबांना तिच्या पोटी जन्म घ्यायचा नव्हता. रात्री झोपताना मला वाटे, वागणं खरं. सकाळी दाढी करताना तो खड्डा दिसला की वाटे, शपथ खरी. जे इतकी वर्षं रोज म्हटलं ते म्हणता म्हणता खरं झालं नसेल कशावरून? कोंडू, म्हणजे ते पोर, छान वाढलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भिकुबाई त्याला घेऊन आमच्या गावी यायची, अक्का दर वर्षी तिला पायलीभर बाजरी मोजून द्यायची, आणि पोर अक्काला माय म्हणायचं. मी आखाजीला गावी जाणं सोडून दिलं.

एकोणसाठ साली थंडीत तार आली. मी पोचलो तेव्हा तिला ओट्यावर आणलं होतं. बाया बाजूला झाल्या, मी वाकलो. जीव होता अजून. तिनं मला ओळखलं. तिचे डोळे माझ्यावरून फिरले आणि माझ्या मागं, वर, कुठंतरी थांबले. ओठ हलले. मी कान नेला. ती म्हणाली, ‘दूर व्हय.’ त्यानंतर ती काही बोलली नाही. गिरधरनं मला बाजूला घेऊन, खाली मान घालून सांगितलं. तिनं त्याला वचनात बांधलं होतं. अग्नी गिरधरनं द्यायचा. पाणी गिरधरनं पाजायचं. केस गिरधरनं उतरवायचे. धुळ्याच्या वकिलानं लोकांत मागं उभं राहायचं. ‘नाना, मी कितलं सांगं तिले,’ तो म्हणाला, ‘पन ती म्हने, मी मरसू तवय तर ती आठेच उभी राही ना. तिले समजाले नको.’ पंचेचाळिशीच्या माणसाला सटवाई नेते होय? मी हसलो असेन. गिरधर घाबरून माझ्याकडे बघत होता.

तापीवर मी मागं उभा राहिलो. पुढं गिरधर मडकं घेऊन फिरला. धूर उलटा आला, केळीच्या बागेकडे, आणि त्यात ती ओली राख होती, मी ओळखली. माझ्या पाठीला गार लागलं. पण या वेळी मी मागं वळून पाहिलं नाही, कारण मला पक्कं ठाऊक होतं की आहे, उभी आहे, आणि बघतेय की या गर्दीत कोण रडतो. मी रडलो नाही. दात आवळून तापीच्या पाण्याकडे बघत राहिलो. कायद्यानं म्हणाल तर, कोर्टातला जन्म दिल्याचा तो एक ‘मी’ सोडून, जन्मापासून चितेपर्यंत तिचं एकही वाक्य, एकही दस्त, एकही विधी असा नाही की ज्यानं मी तिचा ठरेन. पूर्णपणे त्याग. एवढा पुरा त्याग मी कुठल्याही केसमध्ये पाहिला नाही. असा कुणी नको असलेल्याचा करत नाही, हे मला तिथं, धुरात, कळलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

न्हावी दगडावर वस्तरा लावून बसला होता. नवा होता, चोपड्याचा, अग्नी दिल्यावर पोचलेला. त्यानं माझी कोट-टोपी बघितली, वय बघितलं, आणि त्याला वाटलं, मुलगा हाच. तो सरकून बसला, हातानं जागा दाखवली आणि म्हणाला, ‘या दादा, बसा. मयतना तुमीच ना?’ गिरधर माझ्याकडे बघत होता. सगळेच बघत होते. मी वर पाहिलं. धुरापलीकडे काही नव्हतं. मी म्हणालो, ‘नही भाऊ. मी धुरपदाबाईना.’ जरा मोठ्यानंच म्हणालो.